महाडचं पाणी, देवनारचं पाणी

आपला इतिहास लिहायला बसलं की सुरुवात पाण्यापासून करावी लागते. जमीन नव्हती, देवळाचं दार बंद होतं. त्यांच्यावाचून माणूस जगतो. पाण्यावाचून जगत नाही. म्हणून आपला अपमान पाणवठ्यावर व्हायचा आणि रोज व्हायचा. ओंजळ खाली धरायची, कुणीतरी वरून धार सोडायची, तीही त्याच्या सवडीनं. आता मी जो विषय घेतोय तो कुणाला रसायनशास्त्राचा वाटेल, कुणाला म्युनिसिपालटीचा वाटेल. मला तो आपल्या पाणवठ्याच्या इतिहासातलाच पुढचा भाग वाटतो. शहरांनी शंभर-सव्वाशे वर्षं कचरा टाकला. तो कुणाच्या उशाशी टाकला, आणि त्या कचऱ्याखाली जमिनीतल्या पाण्याचं काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

मी कुठून बोलतोय हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं. आमचा आजा १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून मुंबईत आला. देवनारच्या डंपिंगला लागून जी वस्ती पसरली, तिच्यात आम्ही वाढलो. आई हातात आकडा नि पाठीवर गोणी घेऊन कचऱ्याच्या डोंगरावर भंगार वेचायची. काटावाला वजन करायचा, त्यावर चूल पेटायची. हे मी कुणाचे डोळे ओले करायला सांगत नाही. डोंगर मी पायांनी पाहिलाय आणि त्याच्याखालचं पाणी जिभेनं, एवढाच त्याचा अर्थ.

१

१९२७ साल आपल्यातल्या पोराटोरांनाही पाठ असतं. रावबहादूर बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तो ठराव आपल्या तळ्याला लागू केला. कागद झाला, पण तळ्यावर कुणी जाऊ शकेना. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली.

पुढं जे झालं ते आज मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी ते शुद्ध करायला घेतलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र कालवलं आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतलं. झालं तळं शुद्ध. नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जळाली. शेवटी १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

आता एक साधा प्रश्न विचारतो. २० मार्चला आपल्या हातांनी त्या पाण्यात काय मिसळलं? आजची कुठलीही प्रयोगशाळा घ्या, कुठलंही यंत्र लावा. काही सापडणार नाही. पाणी होतं तसं राहिलं. विटाळ पाण्यात नव्हता, पाहणाऱ्याच्या डोक्यात होता. उलट शुद्धीच्या नावाखाली शेण नि मूत मात्र पाण्यात खरोखर पडलं. ह्या देशात शुद्ध-अशुद्धाचं शास्त्र फार जुनं आहे म्हणतात. त्या शास्त्राला खरी घाण कधी ओळखता आली नाही, हे मी पुढं दाखवणार आहे.

२

देवनारच्या डंपिंगची सुरुवातही १९२७ चीच मानली जाते. योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण इतिहास लिहिणाऱ्यानं दोन्ही गोष्टी एका पानावर मांडायला हव्यात. एकीकडे आपण तळ्याकडे निघालो होतो, दुसरीकडे शहर आपला कचरा कुठं न्यायचा ते ठरवून मोकळं झालं होतं.

कचरा त्या दिशेला निघाला तो १९२७ च्याही आधी. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या माणसानं तो ओळखला. गिरण्या ओस पडल्या, लोक गावाकडं पळाले, आणि सरकारला शहरातली घाण अचानक दिसायला लागली. ती शहराबाहेर, खाडीच्या दलदलीकडं न्यायची, असं धोरण आलं. कुर्ल्याहून चेंबूरकडं जाणारी रेल्वेची वाट १९०६ च्या सुमारास घातली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांची गाडी त्या मार्गावर १९२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे अठरा वर्षं त्या रुळांवरून कचरा रेल्वेनं जात होता आणि माणूस पायी.

कचरा उचलणारे हात कुणाचे होते, हे आपल्यात सांगायला नको. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात ‘हलालखोर’ हा शब्द रीतसर कायद्याचा शब्द म्हणून होता. काम जातीचं, आणि जात कायद्यात छापलेली. गावात मेलेलं ढोर ओढणारा माणूस शहरात आला, त्याला झाडू मिळाला. गावात राहायची जागा गावकुसाबाहेर होती, इथं डंपिंगच्या कडेला मिळाली. १९७२ च्या दुष्काळानं आमच्यासारखे आणखी आले. झोपड्या तोडून ट्रकात घालून आणलेले आले. १९७६ मध्ये ट्रॉम्ब्याची जनता कॉलनी उठवून सत्तर हजार माणसं चिता कँपात नेऊन टाकली, ती याच पट्ट्यात. दलित आले, मुसलमान आले, भटके आले. शहराला जे जे नको होतं ते सगळं एकाच दिशेनं पाठवलं गेलं, माणूस काय नि कचरा काय. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला असलेला वॉर्ड हाच, एम-पूर्व.

डंपिंग सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलं, कचऱ्याचे डोंगर बहुमजली इमारतींएवढे झाले. जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा त्याचा धूर उपग्रहातून दिसला, जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. धूर दिसतो म्हणून बातमी होते. जमिनीखाली काय चाललंय ते दिसत नाही म्हणून त्याची बातमी होत नाही.

३

आता जमिनीखाली उतरू. हे नीट समजून घ्या, कारण आपल्या वस्त्यांत ते कुणी येऊन सांगत नाही.

कचऱ्यावर पाऊस पडतो. कोकणपट्टीचा पाऊस, चार महिने कोसळणारा. तो कचऱ्यातून झिरपतो, वाटेत जे जे विरघळतं ते सोबत घेतो आणि तळाशी काळं, दर्प मारणारं पाणी होऊन उतरतं. इंग्रजी शिकलेले त्याला लीचेट म्हणतात, आम्ही काळं पाणी म्हणायचो. खाली अस्तर असेल तर हे पाणी अडतं, नळीनं बाहेर काढून त्यावर प्रक्रिया करता येते. पण आपल्या देशात कचराभूमीला अस्तर हवं हा नियम झाला तो २००० मध्ये, अलमित्रा पटेल यांच्या १९९६ च्या सुप्रीम कोर्टातल्या याचिकेनंतर. त्याआधीचं प्रत्येक जुनं डंपिंग म्हणजे उघड्या जमिनीवर ओतलेला कचरा. खाली माती, मुरूम, चिखल, काळा खडक. बस.

काळा खडक आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आहे. तो घट्ट दिसतो, पण त्याला भेगा असतात, आणि पाणी त्या भेगांतून चालतं. म्हणून एका विहिरीचं पाणी बिघडतं आणि शेजारची ठीक राहते. अर्ध्या कोसावरची बिघडते आणि मधली वाचते. भेग कुणीकडं जाते ते वरून कळत नाही. लोक म्हणतात, शेजाऱ्याचं पाणी चांगलं, मग तुमचंच कसं वाईट? सरकारी माणूसही हेच विचारतो.

आमच्या गल्लीत एक बोअरिंग होतं. पाणी मचूळ, प्यायला घेत नसू, पण भांडी, कपडे, अंघोळ, पोरांचं तोंड धुणं सगळं त्यावर. उपसलं तेव्हा नितळ असायचं. रात्रभर बादलीत राहिलं की सकाळी त्यावर तांबूस साय धरायची, धुतलेल्या सदऱ्यावर तपकिरी डाग पडायचे. आई म्हणायची, पाण्याला गंज चढतो. ती बरोबर होती. कचऱ्याचं पाणी जमिनीत उतरतं तेव्हा सडण्याच्या क्रियेत तिथला प्राणवायू संपतो. प्राणवायू संपला की मातीतलं लोखंड नि मँगनीज विरघळून पाण्यात येतं. वर काढल्यावर हवा लागते आणि तेच लोखंड गंज होऊन बाहेर पडतं. अक्षर न शिकलेली बाई पाणी बघून जे ओळखायची, ते खऱ्या शास्त्राच्या बाजूचं होतं.

पण इथंच थांबलं तर फसगत आहे. लोखंड दिसतं, म्हणून माणूस त्याला घाबरतो. लोखंडाहून वाईट जे आहे त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

४

न मरणाऱ्या रसायनांची ही गोष्ट आहे. भाकरीचा तुकडा टाकला, सडला. चिंधी टाकली, काही वर्षांत माती झाली. विसाव्या शतकात कारखानदारीनं अशी रसायनं काढली की ज्यांना ना किडा खातो, ना ऊन मोडतं, ना पाणी. त्यांची दोन कुळं समजून घेऊ.

पहिलं कुळ चरबीशी सोयरीक करणारं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी, आणि प्लास्टिक, वायरी जळताना तयार होणारं डायॉक्सिन. तांबं काढायला वायर जाळताना जो धूर नाकात जातो त्यात ते असतं. ही मंडळी पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मातीला, गाळाला, तेलाला चिकटतात, आणि तिथून अंगातल्या चरबीत जाऊन बसतात. डायॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात.

दुसरं कुळ पाण्याबरोबर चालणारं. त्याचं नाव पीफास, आणि ती एकदोन नव्हे, हजारो रसायनं आहेत. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट नावाच्या माणसाला प्रयोग करताना टेफ्लॉन अवचित सापडलं. तिथून हे घराणं वाढलं. न चिकटणारा तवा, पाणी न शिरणारा रेनकोट, डाग न धरणारा गालिचा, तेल न झिरपणारा खाऊचा कागद, आग विझवायचा फेस. कार्बन नि फ्लोरिन यांचा जोड इतका घट्ट की निसर्गात त्याला सोडवणारं जवळजवळ कुणी नाही. श्रीमंताचा तवा जुना झाला की कचऱ्यात, गालिचा फाटला की कचऱ्यात. डंपिंगवर पाऊस पडला की ह्या कुळातले पुष्कळसे पाण्याबरोबर खाली निघतात आणि भूजलातून लांब जातात. जगभरच्या जुन्या कचराभूमींच्या निचऱ्यात ते सापडलेलं आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात थ्रीएम कंपनीचा कचरा ज्या जुन्या भूमींत पुरला होता, तिथून ते वस्त्यांच्या विहिरींत उतरलं. २००४ च्या सुमारास ते उघड झालं, आणि २०१८ मध्ये कंपनीनं राज्याला ८५ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला.

किती पाण्यात किती चालतं? अमेरिकेनं २०२४ मध्ये पीफासमधल्या दोन मुख्य रसायनांना, पीफोआ नि पीफॉस यांना, पिण्याच्या पाण्यात मर्यादा घातली: एका लिटरमध्ये चार नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे अब्ज भाग करा, त्यातले चार. इतकं थोडं. त्यातल्या पीफोआला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या देशाच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीसीबीला मर्यादा होती; पीफासचं नावच नव्हतं. ज्याचं नाव मानकात नाही ते कोण तपासणार?

घरगुती उपायांनी समाधान करून घेऊ नका. पाणी उकळलं तर जंतू मरतात, ही रसायनं मरत नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं. तुरटीनं गाळ बसतो, हे बसत नाही. ब्लीचिंगनं काही होत नाही. दारावर येणारा मशिन विकणारा पोरगा टीडीएसची कांडी पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, तो क्षारांचा आकडा आहे, त्याचा ह्यांच्याशी संबंध नाही. आरओचं यंत्र नि कोळशाची चांगली गाळणी ह्यांना अडवते, पण यंत्राला पैसे लागतात, वीज लागते, आणि अडवलेलं सगळं मोरीतून पुन्हा जमिनीकडंच जातं.

५

आता चेन्नईकडं या. तिथं पेरुंगुडीचं डंपिंग पळ्ळीकरणैच्या पाणथळीत आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक अभ्यास छापला. आशियातल्या उघड्या डंपिंगच्या आसपास राहणाऱ्या बायांचं अंगावरचं दूध त्यांनी तपासलं होतं. पेरुंगुडीच्या बायांच्या दुधात डायॉक्सिन जास्त निघालं. ते आलं कुठून याचा शोध घेताना त्यांना तिथल्या गाई-म्हशींच्या दुधातही ते सापडलं. जनावरं डंपिंगवर चरतात, त्यांचं दूध माणूस पितो, आईच्या दुधातून ते पोराच्या पोटात जातं. नंतरच्या काळात आयआयटी मद्रासच्या संशोधकांना त्याच डंपिंगच्या आसपासच्या भूजलात पीफास आढळलं.

महाडच्या त्या १०८ घागरी आठवा. दूध, दही, शेण, गोमूत्र. विटाळ घालवायला ज्या जनावराच्या पाच गोष्टी चालत होत्या, त्याच जनावराच्या दुधातून आज शहराचं विष परत येतंय. कुठल्या मंत्रानं ते निघणार आहे? खोट्या विटाळाला ह्या समाजानं शुद्धी शोधून काढली, विधी ठरवला, भट ठरवला, दक्षिणा ठरवली. खऱ्या विषाला शुद्धी नाही, आणि ते बनवणाऱ्याला प्रायश्चित्तही नाही.

६

हे फक्त मुंबईचं किंवा फक्त आपल्या जातीचं दुखणं आहे असं मी म्हणणार नाही. पुण्याचं बघा. पुण्याचा कचरा आधी कोथरूडच्या डेपोत पडायचा. कोथरूड वाढलं, तिथं पांढरपेशांचे बंगले नि सोसायट्या आल्या, आणि डेपो उठला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचरा उरुळी देवाची नि फुरसुंगीच्या शिवारात पडायला लागला. जागा वाढत १६३ एकरांवर गेली. मग विहिरींचं पाणी बिघडलं. पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही म्हणून टँकर सुरू झाले. लोक रस्त्यावर बसले, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, २०१४ मध्ये मोठं आंदोलन झालं, हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं.

त्या विहिरी बहुतेक शेतकऱ्यांच्या, बागाईतदारांच्या. ज्यांच्या विहिरीवर एके काळी आपल्याला पायरी उतरता येत नव्हती, त्यांच्याच. मला त्यात आनंद नाही. जमिनीखालच्या भेगेला गावकूस कळत नाही, एवढं मात्र त्यातून शिकण्यासारखं आहे. वर पाणवठे वेगळे केले तरी खाली पाणी एकच आहे. आणि शहराच्या नजरेनं अख्खं फुरसुंगी गावच महारवाडा झालं: जिथं आपली घाण टाकता येते ती जागा. कोथरूडच्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोचं आगार उभं आहे. मालाडच्या जुन्या डंपिंगवर काचेच्या इमारती आल्या. वरचं बदललं. खालचं पाणी कुणी विचारलं?

पाणी नि कचरा हे दोन धागे एकत्र आहेत हे ओळखणारी माणसंही आपल्याकडं झाली. १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणून गावोगाव फिरलेले बाबा आढाव, हेच १९९३ मध्ये पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत उभी करणाऱ्यांत होते. पाणवठ्यावरून हाकललेली बाई नि कचराकुंडीवर वाकलेली बाई एकच आहे, हे त्यातून दिसतं.

७

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून घेतलं. नाव घेतलं, त्वेष घेतला. दहा वर्षांनी त्याच काळ्या माणसांनी कचऱ्यावरून एक लढा दिला, तो आपल्याकडं यायला हवा होता तसा आला नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ च्या उन्हाळ्यात काही लोकांनी पीसीबी मिसळलेलं तेल रात्री टँकरमधून रस्त्याच्या कडेनं गुपचूप सांडलं. सुमारे २४० मैल रस्ता, ३१ हजार गॅलन तेल. ती माती खरवडून कुठंतरी पुरायची होती. राज्यानं जागा निवडली वॉरन काउंटीतलं अॅफ्टन. तिथली बहुसंख्या काळी, गरीब, विहिरीचं पाणी पिणारी. जमिनीखाली थोड्याच फुटांवर पाणी. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक निघाले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. बाया, म्हातारे, पोरं. पाचशेवर लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, माती पुरली गेलीच. बंदोबस्त भक्कम आहे असं सांगितलं होतं. १९९३ मध्ये राज्याला तिथं आत सुमारे दहा लाख गॅलन पाणी साठलेलं सापडलं. ती जागा निर्विष व्हायला २००३ साल संपावं लागलं.

लढा हरला असं वाटेल. पण त्यातून १९८७ चा एक अहवाल निघाला, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टनं काढलेला. विषारी कचऱ्याच्या जागा कुठं आहेत आणि तिथं कोण राहतं, ह्याचा त्यांनी देशभर हिशेब मांडला आणि दाखवलं की माणसाचा वंश हेच सगळ्यात मोठं कारण आहे. हा हिशेब आपल्याकडं कुणी मांडायचा? महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराच्या जुन्या डंपिंगचा नकाशा घ्या आणि त्याच्यावर वस्त्या मांडा. जात लिहायची गरज पडणार नाही, नावं वाचली तरी पुरे.

८

आजची गोष्ट. २०२४ मध्ये राज्य सरकारनं धारावीतल्या माणसांच्या पुनर्वसनासाठी देवनार डंपिंगमधली १२४ एकर जागा द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये महापालिकेनं तिथला १८५ लाख टन जुना कचरा उपसायचं टेंडर काढलं, दोन हजार तीनशे कोटींच्या वर. चामड्याचं काम करणारी, मडकी घडवणारी, भंगार निवडून शहराला परत माल देणारी माणसं धारावीत राहतात. धारावीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्यांच्यासाठी डंपिंगची जमीन काढली. कचरा उपसणार, हे चांगलं. पण ढीग उचलला म्हणजे त्याखालचं पाणी उचललं जात नाही. जवळजवळ शंभर वर्षं जे झिरपलं ते चिखलात, मुरमात, भेगांत बसलंय. लीज, टेंडर, मजले, चौरस फूट ह्यांची चर्चा चालते. त्या जमिनीखालच्या पाण्याची चर्चा आपण केल्याशिवाय होणार नाही.

मी एकदा आमच्या बोअरिंगचं पाणी बाटलीत भरून एका कार्यालयात घेऊन गेलो होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कुठलंही समजा. टेबलामागचा माणूस म्हणाला, वस्ती अनधिकृत, बोअरिंग अनधिकृत, मग तपासणी कशाची मागता? मला महाड आठवलं. तेव्हा माणूस अस्पृश्य होता म्हणून पाणी नाही. आता माणूस अनधिकृत आहे म्हणून पाण्याची चौकशी नाही. शब्द बदलला, काम तेच करतो. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. महाडसारखाच हाही निकाल. आणि महाडसारखंच, निकालानंतरही नळ आपण जाऊन मागावा लागतो.

म्हणून मागण्या साध्या ठेवू. प्रत्येक शहरानं आपल्या जुन्या कचराभूमींची यादी जाहीर करावी, चालू असलेल्यांची आणि इमारतींखाली गाडलेल्यांचीही. त्यांच्याभोवतीच्या विहिरी नि बोअरिंग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी नि नंतर, तपासावीत. नुसते क्षार नि जंतू नव्हे, पीसीबी नि पीफाससुद्धा. निकाल मराठीत, हिंदीत, उर्दूत वस्तीच्या भिंतीवर लावावेत. निकाल येईपर्यंत थांबायचं नाही, नळाचं स्वच्छ पाणी आधी, कागद मागू नयेत. आणि डंपिंगवर कुणालाही घर देण्याआधी त्याला खालच्या पाण्याचा अहवाल दाखवावा, सही घेण्याच्या आधी.

दुसऱ्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केलं होतं की तळ्याचं पाणी प्यालो नाही तर आपण मरणार आहोत असं काही नाही. आपण तिथं जातो ते माणूस म्हणून आपली बरोबरी सिद्ध करायला. ते काम अर्धं राहिलंय. पाण्यापर्यंत पोचायचा हक्क आपण मिळवला. आपल्या पाण्यात काय आहे ते जाणून घ्यायचा हक्क अजून मिळवायचा आहे. महाडला आपले लोक रिकाम्या हातांनी गेले होते आणि ओंजळ भरून घेतली. आता प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी स्वच्छ बाटली घेऊन आपल्या बोअरिंगवर जावं, तारीख, वेळ नि जागा लिहून नमुना घ्यावा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या टेबलासमोरून हलू नये.